जनसुनावणी, मराठी निवेदन आणि ग्रामसभेचा ठराव: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: गावाजवळच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीसाठी जनसुनावणीची नोटीस लागली आहे. दोनशे माणसं नेऊन विरोध केला तर प्रकल्प थांबेल का? (वाचक, चिक्कोडी तालुका, कर्नाटक)

उत्तर: नुसत्या गर्दीनं नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे या सुनावणीत मतदान नसतं, कोरमही (किमान हजेरीची अट) नसतो. वजन असतं ते इतिवृत्तात (सुनावणीच्या लेखी नोंदीत) आलेल्या मुद्द्याला. घोषणा देऊन मंडपातून उठून गेलात, तर कागदावर ‘ग्रामस्थांचा विरोध’ एवढीच ओळ उरते. नेमका प्रश्न नोंदला गेला, तर पर्यावरणावरच्या परिणामांच्या अंतिम अहवालात कंपनीला त्याची दखल घ्यावी लागते. पाच वर्षांतून एकदा बटण दाबून विहिरीचं पाणी वाचत नाही. परवानगी तज्ज्ञ समितीच्या टेबलावर ठरते आणि तिथं तुमच्या बाजूनं फक्त हा कागद पोचतो.

नोटिशीनंतर किमान ३० दिवस मिळतात. पहिल्याच आठवड्यात डीसी ऑफिस (जिल्हाधिकारी कार्यालय) किंवा जिल्हा पंचायतीत जाऊन या अहवालाचा मसुदा वाचा. नदीतून रोज किती पाणी उचलणार, स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं दूषित सांडपाणी) कुठं साठवणार, पावसाळ्यात तो तलाव भरून वाहिला तर काय, हे शोधा. पाण्याचे नमुने कुठल्या विहिरींतून घेतले तेही बघा. तुमच्या शिवारातली एकही विहीर त्यात नसेल, तर तोच पहिला प्रश्न.

एकेकानं एकच मुद्दा लेखी द्यावा आणि प्रतीवर पोच घ्यावी. शेवटी इतिवृत्त सर्वांसमोर वाचून स्थानिक भाषेत समजावून सांगणं बंधनकारक आहे. तोवर कुणीही घरी जाऊ नये! मुद्दा गळला असेल तर तिथंच उठून सांगा. चित्रीकरण चालू असतं.

प्रश्न: निवेदन मराठीत चालेल का? (वाचक, खानापूर)

उत्तर: चालेल. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिला आहे. निवेदनाच्या माथ्यावरच हे कलम लिहा. माहिती हक्काच्या अर्जाला मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा लागते, म्हणजे आपल्याकडे कन्नड. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत, फी १० रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. भाषेच्या हक्कासाठी जरूर भांडावं, पण वेगळ्या निवेदनातून. माहितीचा अर्ज त्यात अडकू देऊ नका.

प्रश्न: ग्रामसभेच्या ठरावाचा उपयोग होतो का? (वाचक, निपाणी)

उत्तर: पर्यावरण परवानगी त्यानं आपोआप अडत नाही. तरी सुनावणीच्या आधीच ठराव करा, पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) सहीशिक्क्याची प्रत घ्या आणि लेखी मुद्द्यांना जोडा. ग्रामसभेला मात्र कोरम लागतो: मतदारांच्या एकदशांश किंवा १००, यातला कमी आकडा. हजेरीच्या सह्या अपुऱ्या असल्या तर ठरावावर पहिला आक्षेप तिथंच येतो.