तिच्या कॅलेंडरमधले निळे चौकोन

"मॅडम, अभ्यास करत बसले तर देश पाहायचा राहतो, फिरायला गेले तर अभ्यास राहतो आणि दोन्ही केलं की मी आजारी पडते. यातलं नेमकं काय सोडू?" एक्स्चेंज प्रोग्रामवर एका सत्रासाठी उत्तर युरोपात गेलेल्या विद्यार्थिनीने समुपदेशनाच्या पहिल्याच व्हिडिओ-भेटीत मला विचारलेला हा प्रश्न आहे. अशा कार्यक्रमांत गेलेली बहुतेक मुले थोड्याफार फरकाने हेच विचारतात, म्हणून ओळख पटेल असे सगळे तपशील वगळून आणि तिच्या परवानगीने तिचा अनुभव येथे मांडते आहे.

सत्राचा चौथा आठवडा चालू होता. तिने मला मोबाइलमधले कॅलेंडर दाखवले. अभ्यासाला लाल, प्रवासाला हिरवा आणि स्वतःसाठी निळा असे रंग तिने ठरवले होते. लाल आणि हिरवे चौकोन आपापल्या जागी होते. निळे मात्र दर आठवड्याला पुढे ढकललेले, इतके की येत्या रविवारी सात निळे चौकोन एकावर एक साचले होते. 'कपडे धुणे', 'आईला निवांत फोन', 'झोप' अशी त्यांची नावे होती. झोपेचीही नोंद करावी लागते आणि तीही पुढे सरकते, हे पाहून मला तिची खरोखर काळजी वाटली.

त्या भेटीत मी तिला नवे वेळापत्रक आखून दिले. ते माझे चुकले. तिने ते पाळण्याचा आटोकाट प्रयत्न केला आणि न जमल्यामुळे तिच्या मनातल्या अपराधीपणात आणखी एका गोष्टीची भर पडली. घरच्यांनी एवढा खर्च केला आहे, अशी संधी पुन्हा येणार नाही, तेव्हा एकही दिवस वाया जाता कामा नये, या धाकात ती राहत होती, हे मला दुसऱ्या भेटीत उमगले. आदल्या शनिवारी ती मैत्रिणींबरोबर समुद्रकाठच्या एका किल्ल्यावर गेली होती. समुद्र कसा होता, असे मी विचारले, तर तिला सांगता येईना. तटावर बसून फोनवर उघडलेल्या पीडीएफचे सत्ताविसावे पान मात्र तिला लख्ख आठवत होते.

मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. युरोपीय श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत एका सत्राला ३० श्रेयांक असतात आणि एक श्रेयांक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम. म्हणजे सत्रभरात ७५० ते ९०० तास. सत्र २० आठवड्यांचे धरले, तर आठवड्याला साडेसदतीस ते पंचेचाळीस तास. तिच्या तासिका आठवड्याला जेमतेम १२ तासांच्या होत्या आणि उरलेला वेळ मोकळा आहे, अशी तिची समजूत होती. वाचन, लेखन, प्रकल्प हे सगळे त्या 'मोकळ्या' वेळातच करायचे असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आपण आळशी आहोत, असा निष्कर्ष तिने काढला होता. प्रत्यक्षात पूर्णवेळ नोकरीइतके काम ती सहलींमधून उरलेल्या तासांत कोंबत होती. आठवड्याच्या १६८ तासांतून झोपेचे ५६ आणि अभ्यासाचे ४० वजा केले, तरी ७२ तास उरतात, हे कागदावर दिसल्यावर ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. स्वयंपाक, प्रवास, घरकाम त्यातच येते हे खरे, पण तरीही तो आकडा छोटा नाही.

उत्साहाच्या भरात तिने एक जादा विषयही घेतला होता, आणि प्रत्येक विषयात वरची श्रेणी हवी होती. परदेशातल्या श्रेणी तुझ्या विद्यापीठात सरासरीत धरल्या जातात का, असे मी विचारले. अनेक विद्यापीठे केवळ उत्तीर्ण अशी नोंद करतात. पण तिने हे कधी विचारलेच नव्हते. त्याच भेटीत आम्ही समन्वयकांसाठी तीन वाक्यांची ईमेल लिहिली आणि तिने ती माझ्यासमोरच पाठवली. तिच्या विभागात केवळ उत्तीर्ण अशीच नोंद होणार होती. सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट'मध्ये, म्हणजे परदेशात कोणते विषय घ्यायचे याच्या लेखी करारात, बदल करता येतात, त्यामुळे जादा विषयही सुटला. मनाविषयी बोलण्याआधी असे व्यावहारिक प्रश्न विचारून घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. कित्येकदा निम्मे ओझे तिथेच उतरते.

उरलेले निम्मे शरीराचे होते. रात्रीच्या बसने जायचे, रात्रीच्या बसनेच परतायचे आणि सोमवारी सकाळी वर्गात बसायचे, असे तिचे चालले होते. तरुण वयात ७ ते ९ तासांची झोप लागते, आणि ती सलग काही आठवडे तुटली की वाचलेले लक्षात राहत नाही, चिडचिड वाढते, साधी सर्दीही लांबते. त्यात उत्तरेकडचा हिवाळा. स्टॉकहोमला डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस जेमतेम ६ तासांचा असतो, आणि ती त्याच पट्ट्यात होती. प्रकाश कमी झाल्याने दर हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. तिला ते नैराश्य नव्हते. तरीही सकाळी उजेड असतानाच अर्धा तास बाहेर चालायचे, एवढे एकच पथ्य मी तिला सांगितले.

'सगळे मजेत आहेत, मलाच का जड जातं?' हेही तिने विचारले. परक्या संस्कृतीत जाणाऱ्याला आधी नवलाई, मग उतार आणि मग स्थैर्य, अशी वाट १९५०च्या दशकापासून सांगितली जाते. पण न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांच्या १९९८ मधल्या अभ्यासात अडचणी सर्वाधिक आढळल्या त्या अगदी सुरुवातीलाच. हे ऐकून तिला हायसे वाटले, कारण नवलाईचा काळ आपल्या वाट्याला आलाच नाही, ही तिची गुपचूप खंत होती.

साहसाबद्दल मात्र आमचे मतभेद झाले. तिच्या लेखी साहस म्हणजे नवे शहर. दर बुधवारी एकाच गायनवृंदात, न कळणाऱ्या भाषेतली गाणी अनोळखी माणसांसोबत गाणे हे जास्त धाडसाचे आहे, असे मी म्हटले. तिला ते पटले नाही, पण ती गेली. तिसऱ्या बुधवारी शेजारच्या आजींनी तिचे नाव बरोबर उच्चारले, एवढेच सांगायला तिने मला मेसेज केला. सहली तिने तीन आठवड्यांतून एकीवर आणल्या, आणि परतल्यानंतरचा दिवस रिकामा ठेवला.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि सगळ्यातला रस गेला असेल, तर वेळेच्या नियोजनात अडकू नये, विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जावे. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगावे आणि युरोपीय संघात ११२ हा क्रमांक फिरवावा.

शेवटच्या भेटीत तिने पुन्हा कॅलेंडर दाखवले. 'झोप' नावाचा चौकोन त्यात नव्हता. त्याची नोंद करण्याची गरज उरली नव्हती. उत्तरेकडचा ध्रुवीय प्रकाश पाहण्याची सहल मात्र परीक्षेमुळे हुकली होती, आणि ते सांगताना तिचे डोळे भरून आले. 'पुढे जाशील' असे मी म्हटले नाही. तिला कुठली कुठली ठिकाणे पाहायची होती, तेवढे विचारले, आणि ती बराच वेळ सांगत राहिली.