कारखान्याची मळी डुकरांना चालते, पण दूधपित्या पिल्लांना नको

साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस, म्हणजे साखर काढून उरलेला काळा घट्ट पाक) मक्यापेक्षा स्वस्त पडते, मग डुकरांना किती द्यावी आणि ती सुरू केल्यापासून पिल्लं पातळ का हगतायत, असं तुम्ही विचारलंय. आधी पिल्लांचं बघा. त्यांची मळी आजच बंद करा.

नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या आतड्यात उसाची साखर फोडणारं सुक्रेज हे विकर जवळजवळ नसतंच. आईच्या दुधातली साखर वेगळी असते, ती त्याला पचते. उसाची साखर मात्र तशीच पुढे सरकते, आतड्यात पाणी ओढते आणि एवढासा जीव अंगातलं पाणी जाऊन दगावतो. एका वेताला अशक्त पिल्लांना ताकद यावी म्हणून मी गुळाचं पाणी पाजलं होतं. तीन पिल्लं गेली. अशा वेळी ग्लुकोज द्यावं, ते फोडावं लागत नाही, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मोठ्या डुकरांचं गणित वेगळं. मळीत निम्म्याच्या आसपास साखर असते, पण वजनाला वजन धरलं तर ऊर्जा मक्याच्या साधारण दोन-तृतीयांशच. साखर काढून घेतल्यावर उसातले सगळे क्षार, विशेषतः पोटॅशियम, मळीत गोळा होतात. जास्त मळी दिली की डुक्कर पाणी खूप पितं, खूप मुततं, पातळ हगतं आणि गोठा कायम ओला राहतो. माझ्याकडे वाढत्या डुकरांना खाद्याच्या 10-15 टक्के मळी चांगली मानवते. तीही आठवडाभर हळूहळू वाढवत न्यायची. पाणी मात्र दिवसभर समोर हवं.

क्युबात 1960च्या दशकापासून यावर खूप काम झालं. टी. आर. प्रेस्टन यांच्यासारखे शास्त्रज्ञ तिथे होते. निघेल तेवढी साखर काढून उरलेली शेवटची मळी भरपूर दिली की डुकरांना हगवण लागायची. साखर न काढता नुसता रस आटवलेला पाक मात्र अर्ध्याहून जास्त खाद्य म्हणूनही चालायचा. आपली काकवी त्या पाकाच्या जवळची, पण तिचा भाव बघता ती डुकरांना घालणं परवडणार नाही.

तुमच्या प्रश्नात प्रथिनांचा उल्लेखच नाही, आणि नुकसान बहुधा तिथेच होतं. मळीत डुकराच्या उपयोगी पडतील अशी प्रथिनं जवळपास नसतात. शंभर किलो खाद्यातला 15 किलो मका काढलात तर त्या जागी 12 किलो मळी आणि 3 किलो सोयापेंड घाला. नाहीतर डुकरं चरबी धरतात आणि वाढ रेंगाळते. गाईंसाठी मिळणारी युरिया-मळीची वीट डुकरांना अजिबात देऊ नका. युरियातून प्रथिनं बनवणारं पोट रवंथ करणाऱ्या जनावराचं. चिपाडाचा भुसाही त्यांना पचत नाही. प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, शेतातच टाका.

पाणी घातलेली मळी उन्हाळ्यात काही तासांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच कालवा. मळीची खरेदी-साठवण राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांत येते, तेव्हा परवान्याचं आधी विचारून घ्या.

मळी बंद करून दोन-तीन दिवसांत मोठ्या डुकरांची हगवण थांबली नाही, किंवा ताप, रक्त, कातडीवर लाल-जांभळे चट्टे दिसले, तर दोष मळीचा नाही. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, कारण स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा रोगही असाच सुरू होतो. पिल्लांच्या बाबतीत तर दोन दिवसही थांबू नका.