शेवटची बोट किती वाजता सुटते?

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. विषय ‘लहान, दुर्गम बेटावरचं गाव’ आणि जागेसाठी तीन पर्याय: लक्षद्वीप, अंदमान, नाहीतर सुंदरबन. सर, यातलं कुठलं घेऊ, असं विचारलं आहेस. तिन्ही खोड. घारापुरी घे.

हसली असशील. अटल सेतूवरून शिवडीकडून घरी येताना उजव्या हाताला दोन टेकड्यांचं जे हिरवं बेट दिसतं, शाळेच्या सहलीत जे एकदा ‘करून’ झालंय, ते दुर्गम कसलं? पण तुझा विषय नेमका तिथेच आहे. २०२४च्या जानेवारीत २१.८ किलोमीटरचा सेतू खुला झाला, बेटाच्या उत्तरेकडून गेला, आणि बेटावर उतरायला त्याला वाट नाही. दिवसरात्र गाड्या जाताना दिसतात, त्यात बसता मात्र येत नाही.

दुर्गमपण किलोमीटरमध्ये मोजू नकोस. गेटवेपासून घारापुरी साधारण १० किलोमीटर, लाँचने तासभर. संध्याकाळी ठाणे स्टेशनवरून घोडबंदर रोडच्या टोकाला पोचायला कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो. पण घोडबंदरवाल्याला रात्री दोन वाजता दवाखान्यात जायचं झालं तर रिक्षा मिळते. बेटावर शेवटची बोट गेली, की पुढचं सगळं कोणाची होडी आहे, तो घरी आहे का, आणि पाणी किती आहे यावर. म्हणून माझ्या मते तुझा प्रश्न एकच: इथून कोणाला, कधी आणि कोणाच्या मर्जीने निघता येतं? घराची रचना, शाळा, चूल, दुकान, सोयरीक, सगळं या प्रश्नाला लावून बघ. ज्याच्या दारात स्वतःची होडी आहे आणि ज्याच्या नाही, ते दोघे एकाच गावात राहत असले तरी एकाच बेटावर राहत नाहीत.

आता आकडे. तू इंटरनेटवरून उचललंयस की बेटाचा परीघ सुमारे ७ किलोमीटर आणि क्षेत्रफळ भरतीला १०, ओहोटीला १६ चौरस किलोमीटर. अगं, गणित कर. ७ किलोमीटर परिघाचं बेट अगदी गोल धरलं तरी ४ चौरस किलोमीटरच्या आतच भरतं. दोन्ही आकडे वर्षानुवर्षं शेजारी शेजारी छापले जाताहेत आणि कोणी भागाकार करत नाही. तू आर्किटेक्चरची आहेस, नकाशा काढायला शिकलीस, तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या पत्रकावरून स्वतः मोज. भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ दोन्ही काढ. त्या दोन रेघांमधला चिखल हाच तुझा सगळ्यात महत्त्वाचा नकाशा.

या चिखलाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आराखड्यात त्याचा एक शब्द नाही. पर्यटक जिथे उतरतात तो बेटावरच्या शेतबंदरचा धक्का एवढा लांब का, त्यावर छोटी गाडी का चालवावी लागते? समुद्र उथळ, ओहोटीला गाळ उघडा पडतो, आणि बोटीला पाणी हवं म्हणून धक्क्यालाच पाण्यापर्यंत चालत जावं लागलं. तसाच गाळ उरणच्या मोरा बंदरात आहे. मोठ्या ओहोटीला तिथल्या लाँच बंद ठेवाव्या लागतात. म्हणजे छापलेलं वेळापत्रक एक आणि चंद्राचं दुसरं. जुने लोक साधा हिशेब करतात: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि मग दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी लावायला तेवढं पुरतं. रोज भरती साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार थोडा. तू पंधरा दिवसांतून एकदा, तेही रविवारी सोयीच्या वेळी गेलीस, तर तुला दर वेळी जवळपास तेच पाणी दिसेल आणि वाटेल की बेट असंच असतं. एकदा उधाणात जा, एकदा भांगात. एकाच दिवसात भरती आणि ओहोटी दोन्ही बघ. चिखलात कोण उतरतं, काय वेचतं, तिवरांतून वाट कुठून जाते, हे ओहोटीशिवाय कळणार नाही.

गावं तीन: राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. तू ‘घारापुरी गाव’ असं एकवचनी लिहिलंयस. पर्यटक उतरतो शेतबंदरला, पायऱ्यांवरच्या दुकानांमधून लेण्यांकडे चढतो आणि तसाच परत जातो. पूर्वेच्या मोराबंदरकडे तो क्वचितच फिरकतो. तिन्ही वस्त्यांचं दुर्गमपण एकसारखं असेल का? माझा अंदाज, नसेल. पण अंदाज माझा, मोजायचं तुला.

लेण्यांवर प्रकरण लिहू नकोस. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. १९८७ पासून जागतिक वारसा म्हणून नोंद आहे, सदाशिवाच्या मूर्तीपुढे उभं राहिल्यावर तुलाही दोन मिनिटं बोलायला सुचणार नाही, तेवढं पुरे. एक मात्र बघ: लेण्यांतली पाण्याची टाकी. सगळे शिल्पांकडे माना वर करून बघतात, टाक्यांकडे कोणी खाली बघत नाही. सहाव्या शतकात दगड फोडणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला होता, की भोवती समुद्र आणि प्यायला मात्र पावसाचंच पाणी. आज गावात विहिरी कुठे, मे महिन्यात हंडा कुठून येतो, पर्यटकाला विकली जाणारी बाटली कोणत्या बोटीने येते, हे टाक्यांच्या पुढचंच प्रकरण आहे. आणि तो दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं: १८६४ साली विलायतेला न्यायला उचलताना क्रेन तुटली आणि तो फुटला. आता भायखळ्याला जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे. दगडाच्या हत्तीलाही इथून धड निघता आलं नाही, ही तुझ्या प्रबंधासाठी हवी तर एक तळटीप.

विजेचं बघ. २०१८च्या फेब्रुवारीत समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर कायमची वीज आली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर. तेव्हाच्या बातम्यांचे मथळे तू आराखड्यात चिकटवलेत, ते काढ. त्याऐवजी घरोघरी विचार: फ्रिज कधी घेतला? त्यात काय ठेवता? मासळी टिकत नसेल तर ती त्याच दिवशी, त्याच बोटीने गेलीच पाहिजे. फ्रिज आला की बोट चुकवण्याची सोय झाली, निदान काही घरांत. औषधांचं तसंच, पोरांच्या अभ्यासाचं तसंच. बायकांना विचार. पुरुष तुला केबलच्या उद्घाटनाला कोण आलं होतं ते सांगतील.

मुलांच्या शाळेबद्दल मी फार लिहीत नाही. कॉलेजसाठी पाणी ओलांडावंच लागतं. कोणाची मुलगी रोज ओलांडते आणि कोणाची नातेवाइकांकडे ठेवली जाते, याचा तक्ता कर. तो तक्ता बोलेल.

आणि समुद्राला रिकामी जागा समजू नकोस. पलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ पासून चालू आहे, बेटाच्या जवळून मोठमोठी जहाजं जातात. २०१०च्या ऑगस्टमध्ये एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं बंदराच्या वाटेवर एकमेकांवर आदळली, शेकडो टन तेल सांडलं, किनाऱ्यावरच्या तिवरांना काळं लागलं, मासेमारी थांबली. १८ डिसेंबर २०२४ला तर घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली. म्हणून तुला सांगतो, बोटीत लाइफ जॅकेट आधी अंगात घाल, फोटो मग. कोणी हसलं तर हसू दे.

जायचं कसं? सोमवारी जा. त्या दिवशी लेणी बंद असतात, गर्दी नसते, आणि गाव स्वतःच्या कामात असतं. मात्र तेव्हा पर्यटकांच्या लाँचवर भिस्त ठेवू नकोस. गावकरी ज्या बोटीने ये-जा करतात त्यांच्या वेळा आधी विचारून घे, आणि परतीची वेळ दोघांकडून खात्री करून घे. त्याआधी कॉलेजचं पत्र घेऊन ग्रामपंचायतीत जा. हा भाग उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात येतो, त्यामुळे आपल्या महापालिकेच्या ओळखी तिथे उपयोगाच्या नाहीत. पर्यटकाला रात्री राहायची मुभा नाही. तुला लेखी परवानगी मिळाली तर राहा, नाही मिळाली तर ओळखीपाळखीने लपून राहू नकोस. तू परत येशील, पण त्या घराला नंतर ऐकून घ्यावं लागेल. रात्र कशी असते ते एखाद्या आजीला दिवसाउजेडी विचार. पहिल्या भेटीत वही काढू नकोस. मीटर टेप तर अजिबात नको. सातबारा आणि पुरातत्त्व खात्याच्या नियमांनी कंटाळलेल्या माणसाला टेप दिसली की तो दार लावतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सुरुवात मात्र घरातून कर. तुझं घर दिवाळे कोळीवाड्यातलं. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. त्याआधी मुंबईकराच्या लेखी तुमचं गावही पाण्यापलीकडचंच होतं. आजी आहे ना अजून? तिला विचार, मासळी घेऊन मुंबईला जायचं तर कशी जात होती, मचवा चुकला की काय करायची, पूल झाल्यावर पहिल्यांदा काय बदललं. बहुतेक ती पुलापेक्षा दरांबद्दल बोलेल. बोलू दे, अडवू नकोस.

पुढच्या महिन्याआधी आराखड्याचं पहिलं पान नव्याने लिहून पाठव. ‘निसर्गरम्य’ आणि ‘काळ थांबलेला’ हे शब्द दिसले तर न वाचता परत करीन. आईबाबांना नमस्कार.

तुझे सर

ता. क. घारापुरीवरचं मोराबंदर आणि उरणचं मोरा बंदर ही दोन वेगळी ठिकाणं. भाऊच्या धक्क्यावर ‘मोरा’ ऐकून लाँचमध्ये चढलीस, तर उरणला उतरशील.