आधी खा, मग जिद्द दाखवा

थंडी पडली की निधी गोळा करायला निघणाऱ्या सायकल मोहिमांचा हंगाम सुरू होतो. कुणी गावच्या शाळेसाठी पुण्याहून गोव्याला निघतं, कुणी डायलिसिसच्या यंत्रासाठी. यंदा आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: दमल्यावर पुढे रेटायचं कसं? मला बहुतेकांना उलट विचारावंसं वाटतं, दमलात म्हणजे नक्की काय झालं? पोट रिकामं होतं, मीठ कमी पडलं, ऊन लागलं, झोप झाली नाही की कुठे दुखावलंय? वरून सगळं सारखंच दिसतं, पण उपाय प्रत्येकाचा वेगळा असतो.

प्रश्न : पुणे–गोवा राइडचे पहिले दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरहून निघालो, गडहिंग्लज सोडलं आणि आजऱ्याच्या अलीकडे एकाएकी पायांतलं त्राणच गेलं. सरळ रस्त्यावरही सायकल हलेना. सोबत्यांवर विनाकारण खेकसलो, मग रडू यायला लागलं. माझी मानसिक तयारी कमी पडली का? (सांगली)

तुमचं मन ठणठणीत आहे, साखर संपली होती. सायकलवाले याला ‘बाँक झाला’ म्हणतात. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, सगळं मिळून साधारण 2000 किलोकॅलरींचं असतं. मध्यम वेगाने सायकल चालवणारा माणूस तासाला 400 ते 600 किलोकॅलरी सहज खर्च करतो. त्यातला काही भाग चरबीतून येतो, म्हणून साठा काही तास पुरतो. तो संपत आला की रक्तातली साखर घसरते आणि मेंदू कुरकुरायला लागतो. चिडचिड, रडू, ‘कशाला आलो इथे’ हे सगळं त्यातूनच येतं. तुमच्या सोबत्यांनी मनावर घेऊ नये.

आता खरी गोम. तुमचा तिसरा दिवस बिघडला तो पहिल्या दिवशी. पुण्यातून निघताना झेंडा दाखवला जातो, फोटो निघतात, कात्रजपर्यंत सगळे हवेत असतात. मग खंबाटकीच्या चढाला कोण आधी वर पोचतो याची न बोलता शर्यत लागते. साताऱ्याला पोचेपर्यंत साठा निम्म्यावर आलेला असतो आणि रात्री दमल्यामुळे जेवण जात नाही. दुसऱ्या दिवशी तेच. कोल्हापुरात तांबडा-पांढरा होतो, पण भात आणि भाकरी कमीच पडते. सकाळी चहा-बिस्किटावर निघून निपाणीच्या पुढचा तवंदी घाट चढलात, की आजऱ्याच्या आधी बत्ती गुल होणारच होती.

हिशोब सोपा ठेवा. चालवताना तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. दिवस फार लांब असेल आणि पोटाला सवय असेल तर त्याहून थोडी जास्तही चालतात. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, बी काढलेल्या चार-पाच खजुरांत तेवढेच. राजगिऱ्याचा लाडू, गुळाची पोळी, साखर घातलेलं लिंबू सरबत, सगळं चालतं; महागडी एनर्जी जेल हवीतच असं नाही. शेंगदाण्याची चिक्की मला आवडते, पण तिच्यात तेल बरंच असतं, ती पचायला वेळ घेते. म्हणून ती चढाच्या पायथ्याशी न खाता सपाटीवर खा. मिसळ मुक्कामाला. भूक लागण्याची वाट पाहू नका, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच पहिला घास गेला पाहिजे. हँडलवरच्या यंत्रात किंवा घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावा. तो वाजला की चर्चा नाही, खायचं.

आणि वेग? शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर गिअर हलका करा, पेडल भरभर पण हलके फिरवा. बाँक झालाच तर सावलीत बसून कोला, गोड चहा, साखरपाणी असं पटकन लागू पडणारं काहीतरी घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. माणूस परत माणसात येतो. मग हळू निघा. मुक्कामी पोचल्यावर आंघोळीच्याही आधी काहीतरी पोटात ढकला. नंतर डाळ-भात, दही, अंडी, जे जाईल ते.

प्रश्न : मी पाण्यात अजिबात कसूर केली नाही, दर थांब्यावर बाटली रिकामी करून परत भरली. तरी दुपारी डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, आणि बोटातली अंगठी घट्ट झाली. सगळे म्हणाले, अजून पाणी पी. (बदलापूर)

सगळे चुकले. घाम गेला की मीठही जातं. त्याची भरपाई न करता नुसतं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, बोटं सुजणं ही त्याची सुरुवात असते. पुढे गोंधळलेपणा आणि झटके येऊ शकतात, आणि त्यावर घरगुती इलाज नाही. अशा वेळी साधं पाणी बंद करून काहीतरी खारट खावं, आणि माणूस बरळायला लागला तर थेट रुग्णालय.

तहान लागेल तसं प्या. थांबा आला म्हणून बाटली संपवायची सक्ती नाही. सरावाच्या राइडला निघण्याआधी आणि आल्यावर वजन करून पाहा. आल्यावर वजन वाढलेलं असेल तर पाणी जास्त झालंय. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस अशी विभागणी बरी. पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं आहे ना, ते वाचा आणि सांगितलं असेल तेवढ्याच पाण्यात कालवा. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शहाळं जरूर प्या, पण त्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी सोडियम कमी असतं, त्यामुळे सोबत खारे शेंगदाणे हवेत.

पोटरीत गोळे येतात त्याचा दोष मात्र दर वेळी मिठावर टाकू नका. सवयीपेक्षा जास्त जोर लावला की दमलेला स्नायू आखडतो. थांबा, पाय ताणा, पुढचा तासभर हलक्या गिअरवर काढा.

प्रश्न : मी बॉस्टनजवळ राहतो. येत्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच पॅन-मास चॅलेंजला उतरतोय. आईच्या आजारपणानंतर ठरवलं. ऑफिसातल्यांनी, पुण्याच्या नातेवाइकांनी पैसे दिलेत. पहिल्याच दिवशी 100हून जास्त मैल आहेत. अर्ध्यात गाडीत बसावं लागलं तर या सगळ्यांना तोंड कसं दाखवू?

तुमच्या पत्रात सरावाबद्दल एक ओळ आहे आणि तोंड दाखवण्याबद्दल दोन पानं. तेव्हा आधी तोंडाचंच बघू.

1980 साली बिली स्टार आणि मूठभर सायकलस्वारांनी सुरू केलेली ही राइड डाना-फार्बर या कर्करोग संस्थेसाठी पैसे उभे करते. नाव नोंदवताना तुम्ही जो शब्द दिलाय तो पैशांचा आहे: ठरलेली रक्कम जमवायची, कमी पडली तर पदरची भरायची. मैलांचा शब्द तुमच्याकडून कुणी घेतलेला नाही. रस्त्यात पाण्याचे थांबे, वैद्यकीय मदत आणि थकलेल्यांना उचलणाऱ्या गाड्या आयोजकांनी ठेवल्यात, त्या वापरण्यासाठीच. पुण्याच्या मावशीने पैसे दिले ते तुमच्या आईकडे बघून. राइड संपते त्या प्रॉव्हिन्सटाउनला तुम्ही सायकलवर पोचलात की गाडीतून, याची चौकशी ती करणार नाही. केली तर तुमच्या गुडघ्याची करेल.

लोक किलोमीटरमागे अमुक रुपये अशी वर्गणी लावतात ती पद्धत मला पसंत नाही. विशेषतः आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या मोहिमांत. मुलगा तापलेल्या अंगाने पेडल मारत राहतो, कारण पुढचे 20 किलोमीटर म्हणजे कुणाच्या तरी औषधाचे पैसे असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. आयोजकांनो, रक्कम आधीच ठोक ठरवून घ्या. देणाऱ्याला फरक पडत नाही, चालवणाऱ्याच्या मानेवरचं जोखड उतरतं.

आता सराव. हातात महिने आहेत. आठवड्याला एक लांब राइड, दर वेळी थोडी वाढवत, आणि शेवटच्या दीड-दोन महिन्यांत शनिवार-रविवार लागोपाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी आखडलेल्या पायांनी सीटवर बसायची सवय त्याशिवाय होत नाही. एका दिवसात 75-80 मैल आरामात जमले तर 100 जमतात. बाकीचं काम सोबतचा घोळका करतो. कुणाच्या तरी मागे राहून चालवलं की वारा कमी लागतो, पण घोळक्यात चालवायचाही सराव लागतो. पुढच्याच्या चाकावर नजर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहा.

प्रश्न : निधीसाठी रात्रभर सायकल चालवायचं आमच्या ग्रुपने ठरवलंय. पहाटे झोप अनावर होते त्याला काय करावं? (नाशिक)

झोपावं. पहाटे 2 ते 5 या वेळात शरीर झोप मागतंच, आणि डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-चार सेकंद बंद पडतो. महामार्गावर मागून ट्रक येत असताना तेवढे सेकंद पुरतात. गाणी, थंड पाणी, गप्पा यांनी दहा-पंधरा मिनिटं मिळतात, जास्त नाही. उजेड असलेला पेट्रोलपंप किंवा ढाबा बघा, एक कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटं आडवे व्हा. कॉफी अंगात भिनेपर्यंत तुमची डुलकी झालेली असते.

खरं तर मदतनिधीच्या राइडला रात्र कशाला हवी, हे मला कळलेलं नाही. हौसच असेल तर ब्रेव्हे करा, म्हणजे ठरावीक अंतर ठरावीक मुदतीत पुरं करायची लांब पल्ल्याची राइड. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40 अशा तिथल्या मुदती असतात. पुढे-मागे दिवे आणि अंगात चमकणारं जॅकेट असल्याशिवाय रात्री तिथे चालवू देत नाहीत. 400 ची एक ब्रेव्हे केलीत की रात्रभर चालवायचं की नाही ते तुमचा ग्रुपच ठरवेल.

प्रश्न : सकाळी निघतानाच एक वेदनाशामक गोळी घेतली तर दिवस हलका जातो, असं एका मित्राने सांगितलं. (रत्नागिरी)

नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात घामाने पाणी गेलेलं आणि स्नायू झिजलेले असले की मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली तर सायकल तिथेच ठेवून रुग्णालय गाठा. गोळीने गुडघा बरा होत नाही, त्याची तक्रार फक्त ऐकू येत नाही. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेकदा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. ती चार-पाच मिलिमीटर हलवून पाहा.

प्रश्न : बसायची जागा सोलवटते आणि करंगळी बधिर होते. (पणजी)

गादीची सायकल शॉर्ट थेट अंगावर घाला, आत दुसरं काही नको. क्रीम लावा, मुक्कामी पोचल्यावर पहिल्यांदा ती शॉर्ट बदला. करंगळीचं कारण तळहातावर सतत भार. दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला, कोपर सैल ठेवा. आंबोली घाट सावंतवाडीकडे उतरताना सगळे ब्रेक गच्च धरून बसतात, मग खाली बांद्याला पोचल्यावर बाटलीचं झाकण उघडत नाही. ब्रेक सोडत-धरत उतरा. राइड संपल्यावरही बधिरपणा दोन-तीन दिवसांत गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी आमच्या मोहिमेचा प्रमुख आहे. चाळीसेक जण आहेत, अर्धे नवखे. कुणाला थांबवायचं हे ओळखायचं कसं? थांब म्हटलं की माणसं दुखावतात. (कोल्हापूर)

निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांसमोर सांगून टाका की गाडीत बसवायचा निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा, चालवणाऱ्याचा नाही. ‘रेस अक्रॉस अमेरिका’सारख्या जवळपास 4,800 किलोमीटरच्या शर्यतीतही खाणं, झोप, थांबणं यावर मागच्या गाडीतला चमू लक्ष ठेवतो. 2015 मध्ये नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी दोघांच्या संघातून ती पुरी केली, 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. डॉक्टर असलेली माणसंसुद्धा सायकलवर बसल्यावर मागे चमू ठेवतात. मग तुमच्या गटातल्यांनी ऐकायला काय हरकत आहे?

पाय दुखतात, कंटाळा आला, नको वाटतंय, असं जो तोंडाने सांगतो त्याची फार काळजी करू नका. त्याला खाऊ घाला, टेकू द्या, निघेल तो. गप्प झालेल्यावर नजर ठेवा. सरळ रेषेत न चालवणारा, उतरताना तोल जाणारा, थांब्यावर न खाणारा, ‘मी ठीक आहे’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणणारा, हे तुमचे गिऱ्हाईक. त्याला विचारा, मागचं गाव कुठलं गेलं? शेवटचं काय खाल्लंस? उत्तर अडखळलं तर राइड संपली. घाट उतरून कोकणात गेल्यावर डिसेंबरातही दुपार चिकट आणि तापलेली असते. बरळणं आणि चटका बसेल इतकं गरम अंग एकत्र दिसलं तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. जागेवरच कपडे सैल करून पाणी ओता, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. आधी थंड करायचं, मग हलवायचं.

दुखावण्याबद्दल एवढंच, की ‘तुला जमणार नाही’ असं म्हणू नका. ‘सायकल माझ्याकडे दे, तू सावलीत ये’ म्हणा. एकदा बसला की पुढचं बोलणं सोपं होतं. आणि गाडीत पुढची सीट रिकामी ठेवा. मागे सामानात, पंपांच्या आणि ट्यूबांच्या ढिगाऱ्यात कोंबलेल्या माणसाला वाटतं आपण निकामी झालो. पुढे बसवा, बाटल्या भरायचं आणि पुढच्या थांब्याला फोन करायचं काम त्याच्याकडे द्या. एक जास्तीची चप्पल ठेवायला विसरू नका, पेडलला अडकणारे क्लीटचे बूट घालून थांब्यावर वाढप होत नाही.