अर्धा माणूस, अर्धा प्राणी असलेलं जर्मन एक्सप्रेशनिस्ट छापचित्र वुडकट आहे की एचिंग, हे कसं ओळखायचं?

एक्सप्रेशनिस्ट म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, भावना तीव्रपणे मांडणारे चित्रकार. वुडकट म्हणजे कोरलेल्या लाकडावरून काढलेला छापा, तर एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेघा खोदून, त्यांत शाई भरून काढलेला. आधी चित्राच्या चारही बाजूंना कागद दबलेला दिसतो का ते पाहा: तांब्या-जस्ताच्या पत्र्याची अशी चौकोनी खूण असेल तर बहुधा एचिंग, नसेल आणि काळे भाग सपाट, भरीव असतील तर बहुधा वुडकट. मी स्वतः लाकूड कोरून छापे काढते, त्यामुळे माझी नजर पहिल्यांदा पांढऱ्या जागांवर जाते. वुडकटमध्ये जे कोरून काढलं ते पांढरं राहतं. म्हणून जिथे माणसाच्या बोटांच्या प्राण्यासारख्या नख्या होतात किंवा कपाळातून शिंगं फुटतात, नेमक्या त्या ठिकाणी भिंग धरा. तिथे पाचरीसारखे टोकदार, तुटक पांढरे ढलपे दिसले तर ती छिन्नीची खूण. गटेच्या 'फाउस्ट' नाटकातल्या वालपुर्गिस रात्रीसाठी, म्हणजे चेटकिणींच्या जत्रेच्या प्रसंगासाठी, जर्मन एक्सप्रेशनिस्ट अर्न्स्ट बार्लाखने केलेले वुडकट (१९२३) यासाठी जरूर पाहावेत, लाकडाचा राकटपणा त्या भुताखेतांच्या मेळ्याला विलक्षण शोभतो. याउलट जर्मन चित्रकार मॅक्स क्लिंगरचे १८८१ चे सेंटॉर, म्हणजे अर्धे माणूस अर्धे घोडे, एचिंग आहेत. तो एक्सप्रेशनिस्टांच्या आधीचा, पण तुलनेला उत्तम. एचिंगची रेघ बारीक असते आणि तिची शाई कागदावर किंचित उठून आलेली दिसते.

एक मात्र लक्षात ठेवा, कडा कापलेल्या असतील तर पत्र्याची खूणही गेलेली असते. शिवाय भिंगाखाली एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ते दोन्ही नव्हे, ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यातल्या यंत्रावर, छापलेली प्रत आहे.