वेळ चुकते कुठे? : फ्लाइट सिम्युलेटरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संगणकावर विमान उडवण्याचा मायक्रोसॉफ्टचा खेळ, फ्लाइट सिम्युलेटर एक्स, कधीही उघडा, उन्हाळ्यातली तीच सकाळ. वेळ बदलून उडतो, पण पुढच्या खेपेला ये रे माझ्या मागल्या. असं का?

उत्तर : बदललेली वेळ त्या उड्डाणापुरतीच टिकते. सुरुवातीला उघडणाऱ्या डीफॉल्ट फ्लाइटच्या फाइलीत तारीख-वेळ नोंदलेली असते, ती तशीच राहते. ‘वर्ल्ड’ मेनूत ‘टाइम अँड सीझन’मध्ये हवी ती वेळ लावा, मग फ्लाइट सेव्ह करताना खिडकीत डीफॉल्ट करण्याचा चौकोन असतो, त्यावर टिक करा. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.

नाही भागलं, तर फाइलच उघडा. ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स फाइल्स’ या फोल्डरमध्ये एफएलटी एक्स्टेन्शनची फाइल असते. आधी तिची प्रत काढून ठेवा, मग नोटपॅडमध्ये उघडून ‘डेटटाइमसीझन’ हा भाग शोधा. इथे ‘डे’पुढचा आकडा महिन्यातली तारीख नसून वर्षातला कितवा दिवस, तो असतो. १५ जानेवारीला १५, पण १५ जुलैला १९६ आणि लीप वर्षात १९७. जुलै समजून नुसते १५ लिहिणाऱ्याला जानेवारीचं बर्फ दिसतं आणि शिव्या बसतात ग्राफिक्स कार्डाला. त्याच भागात ‘सीझन’ची वेगळी ओळ असते, तीही तारखेशी जुळवून घ्या.

प्रश्न : एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये संगणकाची वेळ पाळायचा पर्याय चालू आहे. काही दिवस सगळं ठीक असतं, मग अचानक भर दुपारी पहाट! संगणकावर विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही आहे.

उत्तर : लिनक्सचा उल्लेख केलात ते बरं झालं, दुखणं तिथेच आहे. मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या) घड्याळात लिनक्स जीएमटी, म्हणजे ग्रीनिचची प्रमाणवेळ, लिहितं, विंडोज मात्र तोच आकडा स्थानिक वेळ म्हणून वाचतं. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ चुकतं. चूक किती, ते मोजा. तुमची स्थानिक वेळ जीएमटीच्या जेवढी पुढे, बरोबर तेवढंच घड्याळ मागे असेल, तर निदान पक्कं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ आदेशाच्या ‘सेट-लोकल-आरटीसी’ पर्यायाला १ द्या, म्हणजे तेही स्थानिक वेळ लिहू लागेल. मग विंडोजचं घड्याळ एकदा इंटरनेटवरून जुळवा. सिम्युलेटरच्या सेटिंगला हात लावायची गरज नाही.

घड्याळ काही तासांऐवजी काही वर्षं मागे जात असेल, तेही संगणक मेन स्विचपासून बंद ठेवल्यावर, तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. बहुतेक बोर्डांवर सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल असतो.

प्रश्न : फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये इस्तंबूलची वेळ उन्हाळ्यात बरोबर येते, हिवाळ्यात एक तास मागे. इन्स्टॉलेशन बिघडलं का?

उत्तर : नाही, प्रोग्रामच जुना आहे. तो २००६ साली आला. तुर्कस्ताननं २०१६ पासून घड्याळं मागे घेणंच सोडलं आणि आता वर्षभर जीएमटीपेक्षा तीन तास पुढची वेळ चालते. तुमच्या सिम्युलेटरच्या हिशेबी हिवाळ्यातला फरक अजून दोनच तासांचा आहे. पुन्हा इन्स्टॉल केलंत तरी तोच जुना तक्ता परत येईल. सुधारित टाइमझोन फाइल मिळते, पण ती बसवेपर्यंत सोपा उपाय म्हणजे स्थानिक वेळेचा रकाना विसरून जीएमटीचा भरायचा. इस्तंबूलचे सकाळचे ९ हवे असतील, तर जीएमटी ६. उजेड खऱ्यासारखाच पडेल, स्थानिक घड्याळाचा काटा तेवढा चुकीचा दिसेल.

प्रश्न : तारीख जानेवारी केली तरी झाडं हिरवीच. एक्स-प्लेन ११ आणि मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर, दोन्हींत हेच.

उत्तर : लक्षण एक, कारणं दोन. एक्स-प्लेन ११ मध्ये ऋतूच नाहीत. तारीख बदलून सूर्याची उंची आणि दिवसाची लांबी बदलते, जमीन तीच. तिथे ॲड-ऑन, म्हणजे वरून बसवायची जोड, लागतो किंवा मग एक्स-प्लेन १२. मायक्रोसॉफ्टच्या २०२० मध्ये बर्फ हवामानाशी बांधलेलं आहे. लाइव्ह वेदर, म्हणजे बाहेरचं खरं हवामान, चालू असेल, तर तारीख काहीही टाका, हवामान आजचंच राहणार. लाइव्ह बंद करून प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेलं हवामान, निवडा आणि बर्फाच्या जाडीचा स्लायडर वाढवा. जमीन पांढरी होईल, पण पानगळीचे रंग यातून मिळत नाहीत. ते हवे असतील, तर २०२४ ची आवृत्ती बघा.

प्रश्न : नॉर्वेतल्या ट्रोम्सो विमानतळावर २० डिसेंबरला दुपारी १२ वाजता सूर्य दिसत नाही.

उत्तर : दिसणारही नाही. ट्रोम्सो आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे, तिथे त्या दिवसांत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. खात्री हवी तर तारीख १५ फेब्रुवारी करून पाहा.