पहिले तीन दिवस एकट्याने काढू नकोस

भावा, दारू सोडतोयस ते बरंच, पण रोज पिणाऱ्याने घरात दार लावून एकदम सोडू नये. मी शिमग्यानंतर तसंच केलं. दुसऱ्या रात्री चहाचा कप हातात ठरेना, पहाटे फिट आली. पहिले 2-3 दिवस धोक्याचे. आधी सिव्हिलला दाखव, किती पितोस ते खरं सांग (आपण सगळे निम्मंच सांगतो). 14416 वर टेली-मानसशी (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) मराठीत, फुकट बोलता येतं. मग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणारे एकमेकांना आधार देतात त्या गटाच्या, मीटिंगला ये. 1935 साली सुरू झालेलं हे. फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. आमच्यात खलाशी आहेत, मास्तरही. पहिल्या दिवशी मागे बसून नुसतं ऐकलंस तरी चालेल. आणि होडी बंदराला लागून हिशेबाचे पैसे हातात पडले, की आधी मला फोन कर.